नद्यांची मोजणी

बेट त्रिकोणी आहे,
घाईत फाडलेल्या कागदासारखं.
मधोमध डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर
दुपारनंतर येऊन बसणारा ढग,
जो उठायचं नाव घेत नाही.

माझ्याकडचा नकाशा आजोबांच्या वयाचा.
त्यात निळ्या रेषा, मनगटावरच्या शिरांसारख्या,
समुद्राकडे उतरणाऱ्या.
साहेब म्हणाले, किती उरल्यात मोजून ये.
मी इथलाच, अंजुआनचा, पण मुत्सामुदूच्या बंदरात वाढलेला;
माझ्या लेखी नदी म्हणजे पुलाखालून येणारे
धुणं आपटण्याचे आवाज.

पहिली सापडली. घोट्याइतकी.
दुसरी नुसत्या दगडांची.
पांढरे, गुळगुळीत, एकमेकांना टेकून बसलेले,
मयताला आलेल्या पाहुण्यांसारखे,
काय बोलावं ते न सुचून.

तिसरीच्या जागी लवंगा वाळत होत्या.
रस्त्यावर चटई, चटईवर लवंगा,
राखणीला म्हातारे बाकारी.
"नदी?" ते म्हणाले,
"काल ट्रक गेला माझ्या लवंगांवरून,
आधी त्याची नोंद घे."
घेतली. वहीत अजून आहे:
ट्रक, एक.

चौथीसाठी फजरच्या अजानआधी निघालो.
वर इलांगचा मळा.
(तुमच्याकडे हिरवा चाफा असेल
तर ही त्याची दूरची बहीण, पिवळी, विस्कटलेल्या केसांची.)
झाडांना वाढू देत नाहीत इथे.
फांद्या पिळून, वाकवून
बाईच्या हाताच्या उंचीवर आणून ठेवतात.
अंधारात फक्त खुडण्याचा आवाज,
आणि उजाडलं तसे
चंदनाचा लेप लावलेले चेहरे,
एकेक करून, फांद्यांमधून.

झालिफाता टोपली न ठेवता बोलत होती.
"फूल तोडलं की लगेच भट्टीत.
भट्टी लाकूड खाते, पाणी पिते,
एक दिवस, एक रात्र.
मग तांब्याच्या नळीतून ठिबकतं
एवढंसं."
तिने बोटाचं पेर दाखवलं.
मग तेच बोट माझ्या नाकाशी धरलं.
"ही घे तुझी चौथी."

तिचं घर उतारावर.
आमच्यात घर मुलीचं असतं,
नवरा येतो तो पिशवी घेऊन, नव्या जावयासारखा,
आणि म्हातारा होईपर्यंत जावईच राहतो.
खालचा मजला झालाय. वर नुसत्या सळया,
गंजलेल्या, आभाळात घुसलेल्या.
तो मजला नासराचा, थोरलीचा.
तिचा बाप सिमेंटचे पैसे आणायला
समोरच्या बेटावर गेला,
जिथे आमचीच भाषा बोलतात
आणि झेंडा दुसऱ्याचा आहे.
रात्रीची होडी, सत्तर किलोमीटर पाणी.
"कधी?"
"लवंगांच्या मागच्या हंगामात."
मी पुढे विचारलं नाही.
कोंबडी सळयांच्या सावलीत अंग फुलवून बसली होती.

तिने नकाशा मागितला.
सुलटा आहे की उलटा, हे दोनदा पाहिलं.
गावं ओळखली, डोंगर ओळखला,
मग बेटाच्या कडेवरून बोट बाहेर सरकलं,
समुद्रात.
तिथे काहीच छापलेलं नव्हतं.
शाई वाचवली असेल त्या काळी.
ते बोट तिथेच थांबलं, बराच वेळ.
उचललं तेव्हा कागदावर तेलाचा डाग होता,
वाटाण्याएवढा,
आणि त्यातून पलीकडचं दिसत होतं:
माझा गुडघा, जमीन, एक मुंगी.

संध्याकाळी मोठी वटवाघळं डोंगरावरून उतरली,
जिथे ओढा होता त्याच वळणावरून वळत,
पंख सावकाश, जाणत्या माणसांसारखी.
मी त्यांनाही मोजलं. अकरापर्यंत. मग अंधार.

अहवाल दिला. आकडा लिहिला,
सही केली, नकाशा जोडला.
साहेबांनी पाकीट फोडलं, थांबले,
डोळे मिटून हुंगलं.
"वा," म्हणाले, "कुठलं अत्तर?"

ट्रकबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.